चौथा ट्रेलर घ्यावा का? माल म्हणे आता समुद्राने जाणार

ट्रेलरवाल्याचा पोरगा, बेळगाव

नमस्कार मंडळी. बँकेचा माणूस सोमवारी परत येऊलाय, त्याच्या आत काहीतरी ठरवायला पाहिजे म्हणून इथं विचारूलोय.

आमचे तीन ट्रेलर आहेत. बाबांनी एका जुन्या सहाचाकी ट्रकवर सुरुवात केली, मी बारावीनंतर धंद्यात आलो. उद्यमबाग आणि मच्छेच्या फाउंड्र्यांतलं कास्टिंग, म्हणजे ओतीव धातूचे भाग, वीस फुटी कंटेनरमध्ये भरून मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराला पोचवायचं, एवढंच आमचं काम. हत्तरगी, कोगनोळी, किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, ही टोलनाक्यांची माळ मला झोपेत विचारली तरी सांगीन. मधे तवंदी आणि खंबाटकी हे घाट. कागल ते सातारा सहापदरीचं काम, कुठं डायव्हर्जन लागेल ते ड्रायव्हरला पण पोचल्यावरच कळतं.

पाचशे किलोमीटर जायचं, पाचशे यायचं. त्यात गंमत ही की रिकामा डबा पण बहुतेक वेळा तिकडूनच आणावा लागतो. यार्डातून रिकामा उचला, बेळगावात आणा, भरा, परत न्या. म्हणजे अर्धी फेरी आम्ही हवा वाहतो. भरलेली गाडी लिटरला तीनच्या आसपास देते, रिकामी जरा बरी. एका फेरीला तीनशे लिटर डिझेल कुठं गेलं नाही.

बँक चौथ्या गाडीला कर्ज देते म्हणते. पण पुण्याचे आमचे भाऊजी लॉजिस्टिक्समध्ये आहेत, त्यांनी घाबरवून सोडलंय. म्हणे किनारी जहाज वाहतुकीचा नवीन कायदा झाला, वाढवणला मोठं बंदर होतंय, सरकारला रस्त्यावरचा माल पाण्यावर न्यायचाय, दहा वर्षांत लांब पल्ल्याचा ट्रेलर भंगारात. बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "समुद्र काय काल आणून ठेवलाय? मी गाडी घेतली तेव्हा पण तिथंच होता."

मला एक गोष्ट लहानपणापासून छळते. मुरगाव बंदर आमच्या घरापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास. घाट उतरला की समुद्र. तरी आम्ही पाचशे किलोमीटर का जातो? आणि उद्या खरंच जहाजं गोव्यातून माल उचलायला लागली, तर आमच्या फेऱ्या छोट्या होणार की धंदाच जाणार? जाणकारांनी सांगा. राजकारण नको.

डिस्पॅच टेबल, खानापूर

दादा, मी एका फाउंड्रीत एकोणीस वर्षं डिस्पॅच आणि एक्सपोर्टचे कागद बघते. तुमच्यासारख्या गाड्यांना "अजून किती वेळ?" म्हणून फोन करणारी ती बाई मीच.

गोवा का नाही, ते सांगते. आम्ही एकदा करून बघितलं. युरोपचा ग्राहक, दोन कंटेनर. साहेबांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, एवढं जवळ असताना मुंबई कशाला. भाडं निम्म्याहून खाली आलं, सगळे खूश. मग जहाज आलंच नाही. त्या फेरीला मुरगाव गाळून पुढं गेलं. पुढचं जहाज कधी, तर "कळवतो". माल बंदरात पडून, ग्राहकाची मशीन लाइन थांबायची वेळ. शेवटी त्याच आकाराचे थोडे पीस आम्ही विमानाने पाठवले. कास्टिंग विमानाने! किलोला काय पडलं ते लिहीत नाही, साहेब हे वाचतात.

न्हावा शेवाला २०२४-२५ या वर्षात ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी मापाचे एवढे डबे हाताळले गेले. दिवसाला वीस हजार झाले. तिथं एक जहाज चुकलं तर दुसरं आहे. आपल्या इथं गावोगावचे आठवडी बाजार बघा. जिथं शंभर दुकानं लागतात तिथं गिऱ्हाईक दहा मैलांवरून येतं, आणि शेजारच्या गावात दोन भाजीवाल्या बसल्या तर त्यांच्याच गल्लीतली बाई पण पिशवी घेऊन मोठ्या बाजाराला जाते. मुरगावला कंटेनर येत नाहीत असं नाही, पण कंटेनरच्या बाबतीत ते दोन भाजीवाल्यांचंच बंदर आहे. मला किलोमीटर नको, वार पाहिजे. अमक्या वारी जहाज सुटणार म्हणजे सुटणार, एवढी खात्री कोणी दिली तर उद्यापासून माझे कागद गोव्याचे.

वेंगुर्ल्याचा म्हातारा, सध्या शहापूर

बाबा रे, तुझ्या बाबांचं वाक्य मला फार आवडलं. समुद्र तिथंच आहे, खरं आहे. पण बेळगावचं समुद्राशी नातं मात्र दोनदा बदललंय, ते आधी ऐक.

माझा जन्म वेंगुर्ल्याचा. एकेकाळी बेळगावचं बंदर म्हणजे आमचं वेंगुर्लं. डचांची वखार तिथं होती, पुढे इंग्रजांनी बेळगावात लष्कर ठेवलं तेव्हा त्यांचं सामान आमच्याकडे उतरायचं आणि बैलगाड्यांनी घाट चढायचं. आधी रामघाटाने, मग आंबोलीचा रस्ता झाला तेव्हा त्या बाजूने. कापूस खाली, मीठ आणि नारळ वर. हिंडलग्यावरून शिनोळीकडे जाणाऱ्या रस्त्याला अजून वेंगुर्ला रोड म्हणतात तो उगाच नाही. मग १८८८ च्या सुमारास मुरगावची रेल्वे घाट चढून कॅसलरॉकला आली आणि आमच्या बंदराचा व्यापार आटला. कोणी बंद केलं नाही. गाडीवान दुसऱ्या बाजूला वळले, एवढंच. त्यानंतर हमरस्ता सुधारला, न्हावा शेवा १९८९ ला उभं राहिलं, आणि गाडीवान परत वळले. तुझे बाबा त्या वळलेल्यांपैकी.

आता माझ्या कामाचं. मी किनारी जहाजांवर इंजिनरूममध्ये आयुष्य काढलं. कोळशाची जहाजं. ओडिशातल्या तालचेरच्या खाणीतून रेल्वेने पारादीपला कोळसा, तिथून जहाजाने तमिळनाडूत एण्णोर नाहीतर तुतीकोरीन, आणि तिथे वीज केंद्र. एका खेपेला ५५ हजार टन. तुझ्या गाडीत २५ टन धरले तर २२०० गाड्या झाल्या, आणि आम्ही जहाजावर माणसं किती? पंचवीसच्या आत. आमच्या ट्रेनिंगमध्ये एक हिशोब घोकून घ्यायचे: एका अश्वशक्तीवर रस्त्याने १५० किलो, रेल्वेने ५०० किलो आणि पाण्यातून ४००० किलो माल सरकतो. तुझ्या भाऊजींच्या डोक्यात हाच आकडा असणार. आकडा खरा आहे. पण तो बंदरापासून बंदरापर्यंतचा आहे रे. फाउंड्रीच्या फाटकापासूनचा नाही.

किनारी वाहतूक कुठे चालते ते बघ. पारादीपचा कोळसा. सौराष्ट्रातल्या कोडीनारच्या कारखान्याचं सिमेंट, स्वतःच्या जेट्टीवरून मुंबईला. तेल कंपन्यांचं पेट्रोल-डिझेल. सगळीकडे निदान एक टोक, बहुतेकदा दोन्ही टोकं, पाण्याला चिकटलेली. माल एकाच जातीचा, ढिगाने, आणि दोन दिवस उशीर झाला तर कोणाची लाइन थांबत नाही. ज्याला टोकाला ट्रक लागतो त्याचं गणित तिथेच फिसकटतं. गाडीतून उतरवा, यार्डात ठेवा, जहाजात चढवा, परत उतरवा, परत गाडीत. प्रत्येक हात लावण्याचे पैसे. समुद्रातले हजार किलोमीटर स्वस्त, किनाऱ्यावरचे दोनशे मीटर महाग.

तू म्हणशील, मग मोरबीच्या टाइल्स कशा जातात? त्या कांडला-मुंद्र्याहून कंटेनरमधून कोची, तुतीकोरीनला जातात, आणि मोरबी काही समुद्रावर नाही, या बंदरांपासून शंभर किलोमीटरच्या पुढेच आहे. हा प्रश्न मी स्वतःला फार वेळा विचारला. उत्तर असं की मोरबीत एकाच गावातून रोज शेकड्याने डबे निघतात, सगळ्यांत एकच माल, आणि बंदरापर्यंत रस्ता ताटासारखा सपाट. आपल्याकडे मधे सह्याद्री उभा.

तो घाट रेल्वेलाही सोपा नाही. कॅसलरॉक ते कुळे २६ किलोमीटर, ३७ मीटर गेलं की एक मीटर चढ. मुरगावला उतरलेला कोळसा बळ्ळारीकडच्या पोलाद कारखान्याला जातो, त्याच्या मालगाडीला मागून जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं. दुसरा रूळ टाकायचं ठरलं, तर जंगल आणि कोळसा या दोन्ही कारणांनी गोव्यात विरोध झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये त्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. मी त्या निकालाच्या बाजूचा की विरुद्ध, ते विचारू नकोस. बायको गोव्याची आहे, घरात शांतता आहे.

आणि पावसाळा. चोर्ल्यात दरड, अनमोडला रस्ता खचला की अवजड गाड्या बंद. आमच्या वेंगुर्ल्यात तर नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय दर्या उघडतच नाही. मुरगाव, कारवार बारमाही आहेत, मान्य. पण बंदर बारमाही आणि घाट आठमाही, असं असलं की बंदरही आठमाहीच होतं.

चोर्ला नाईट सर्व्हिस

मी रोज रात्री बेळगाव मार्केटातून भाजी घेऊन गोव्याला जातो. कोबी, फ्लॉवर, मिरची. पहाटे म्हापशाला उतरवायची. काका, माझी कोथिंबीर जहाजाने कधी जाणार ते पण सांगा 😄

वेंगुर्ल्याचा म्हातारा, सध्या शहापूर

तुझी कोथिंबीर जहाजाने जाईल तेव्हा ती गवत झालेली असेल. तू बिनधास्त गाडी हाक, झोप मात्र काढत जा.

निपाणीकर

विषय आमच्याही जिव्हाळ्याचा. आमचा विडीच्या तंबाखूचा व्यापार, आजोबांपासून. माल पार बंगालमध्ये मुर्शिदाबादकडे जातो, विड्या वळायचं काम तिकडे मोठं. ट्रकने दोन हजार किलोमीटर सहज. मागे एक एजंट आला होता, म्हणाला कंटेनरमध्ये घाला, समुद्राने कोलकात्याला पाठवू, भाड्यात एवढे वाचतील. कागदावर मलाही पटलं.

मग बसून विचार केला. एक तर कन्याकुमारीला वळसा घालून जायचं. दुसरं, तंबाखू म्हणजे ओल ओढणारी जात. बंद पत्र्याच्या डब्यात, समुद्राची हवा, दिवसा तापणार रात्री गार होणार, आत पाणी सुटणार. बुरशी धरली की सगळा लॉट कचऱ्यात. तिसरं आणि खरं कारण वेगळंच. आमची गिऱ्हाईकं एकदम पंचवीस टन घेत नाहीत. एकाला पाच, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याच्या दारात उरलेली पोती, आणि मधल्या एकाकडून जुनी उधारी वसूल करून आणायची. हे सगळं ट्रकवाला करतो. गेली पंधरा वर्षं एकच ड्रायव्हर आहे, माझ्या गिऱ्हाइकांची घरं त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जहाजाचा कॅप्टन उधारी आणील का?

त्यामुळे माझं मत, ट्रक मरत नाही. पण साखरवाल्यांनी मात्र याचा विचार करायला हवा असं मला वाटतं. चिकोडी, अथणी, रायबाग भागात एवढे कारखाने, एकाच जातीचा माल, ढिगाने. काकांनी सांगितलेल्या तीनपैकी दोन अटी इथंच पुऱ्या होतात.

डिस्पॅच टेबल, खानापूर

काका, मोरबीचा मुद्दा डोक्यात बसला. म्हणजे आमच्या फाउंड्र्यांनी मिळून एकच वार ठरवला, समजा दर गुरुवारी उद्यमबागेतून सगळ्यांचे डबे एकदम मुरगावला, तर जहाजवाला थांबेल? मी हे एकदा मीटिंगमध्ये बोलले होते. एकानं विचारलं, "मग माझा ग्राहक कोण ते सगळ्यांना कळणार?" झालं. चहा आला, विषय संपला.

वेंगुर्ल्याचा म्हातारा, सध्या शहापूर

ताई, बरोबर नाडी पकडलीत. थांबेल, पण तुमचा शब्द वर्षभराचा असला तर. आणि तो थांबण्याची शक्यता आता आधीपेक्षा थोडी बरी आहे, ते दोन कारणांनी.

पहिलं, विळिंजम. आपले कितीतरी डबे आजवर छोट्या जहाजाने कोलंबोला जायचे, तिथे मोठ्या जहाजात चढायचे. ते काम केरळातल्या विळिंजमला व्हावं म्हणून तिथं बंदर बांधलं. जुलै २०२४ मध्ये पहिलं मोठं जहाज लागलं, मे २०२५ मध्ये रीतसर उद्घाटन झालं. किनाऱ्याला समांतर फिरणारी छोटी फीडर जहाजं वाढली, तर वाटेवरच्या मुरगाव, मंगळूरला त्यांनी थांबणं सोपं होतं. होईलच असं नव्हे, सोपं होतं.

दुसरं, तुझा रिकामा डबा, ट्रेलरवाल्या. आपल्या दोन बंदरांमध्ये माल न्यायचा तर जहाज भारतीय झेंड्याचं हवं, नाहीतर परवाना काढा, असा जुना नियम. २०१८ साली त्यातून रिकामे कंटेनर आणि पुढे परदेशी जायचे भरलेले डबे मोकळे केले. म्हणजे न्हावा शेवाला पडून असलेला रिकामा डबा परदेशी कंपनी आपल्या जहाजातून मुरगावला आणून ठेवू शकते. ती आणत नाही, कारण इथे मागणी दिसत नाही. तुम्ही तिथून मागत नाही, कारण डबा दिसत नाही. भाऊजी म्हणतात तो २०२५ चा कायदा या परवान्यांचीच नवी घडी बसवतो, आणि सरकारने दोन वर्षांत किनारी व अंतर्गत जलवाहतुकीचा आराखडा करावा असं त्यात आहे. आराखडा येऊ दे. मी अनेक आराखडे बघितलेत. हुबळी-अंकोला रेल्वे नव्वदच्या दशकात मंजूर झाली, माझी मुलगी तेव्हा बालवाडीत होती. आता तिची मुलगी दहावीला आहे.

वाढवणबद्दल एक राहिलं, आणि ते तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ७६ हजार २२० कोटींचं बंदर, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी, किनाऱ्याजवळच वीस मीटर खोली, म्हणून जगातली सगळ्यात मोठी जहाजं थेट लागतील. मच्छीमारांचा विरोध आहे आणि त्यांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही, बंदर झालं की जाळं टाकायची जागा कुठली राहते ते आम्ही बघितलंय. पण तुझ्यापुरतं बोलायचं तर नकाशा उघड. वाढवण डहाणूजवळ, मुंबईच्याही पलीकडे. उद्या लांब पल्ल्याच्या जहाजांच्या फेऱ्या तिकडे सरकल्या, तर बेळगावच्या गाडीला न्हावा शेवापाशी थांबून चालणार नाही, ठाणे ओलांडून अजून शंभर-सव्वाशे किलोमीटर वर जावं लागेल. भाऊजी म्हणतात बंदरामुळे तुझी फेरी संपेल. मला तर ती लांबण्याची भीती जास्त वाटते.

तुझ्या जागी मी असतो तर जहाजाला भ्यायलो नसतो. रेल्वेला थोडा भ्यायलो असतो. बेळगावातून ठरल्या वारी कंटेनरची गाडी सुटायला लागली तर ताई पहिल्या तिच्याकडे जातील, आणि मग तुला उरेल उद्यमबाग ते स्टेशनच्या मालधक्क्याची फेरी. ते काम वाईट नाही, रोज रात्री घरी जेवायला मिळतं. पण त्याला नवी कोरी लांब पल्ल्याची गाडी लागत नाही. सात वर्षांचा हप्ता घेताना सातव्या वर्षी ती गाडी कुठल्या कामाला लावशील ते आज ठरव. आणि चाळीस फुटीच्या नादी लागू नकोस. कास्टिंग जड, वीस फुटीतच वजन भरतं.

ट्रेलरवाल्याचा पोरगा, बेळगाव

काका, ताई, निपाणीकर, सगळ्यांचे आभार. रात्री बाबांना सगळं वाचून दाखवलं. वेंगुर्ला रोडचं ऐकून ते म्हणाले, त्यांचे आजोबा त्याच रस्त्याला गाडीवान होते, बैलांची नावं पण सांगितली. सत्तावीस वर्षांत मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

सध्या नवीन गाडी नको असं चाललंय. एक जुना, वीस फुटी लोडचा ट्रेलर बघून ठेवलाय, हप्ता निम्म्यात बसतो, बाबा उद्या त्याची चासी ठोकून बघणार आहेत. ताई, तुमच्या त्या गुरुवारच्या गाड्यांचं परत कधी निघालं तर आमच्या तीन गाड्या धरा. गोव्याला गेलेला ड्रायव्हर त्याच रात्री घरी येतो, त्याची बायको पण तुम्हाला दुवा देईल.

निपाणीकर

काका, एक बारीकशी दुरुस्ती. गाडीत २५ नाही, आमच्या इथले पोरं २७ पण भरतात. म्हणजे २२०० नाही, दोन हजार छत्तीस-सदतीस गाड्या.

वेंगुर्ल्याचा म्हातारा, सध्या शहापूर

कोगनोळीला काटा करून घ्या आधी.